गाडी स्लोवर राहत नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

बडनेऱ्याचा तो मुलगा आज गाडी बघून गेला. कौस्तुभ नाव. हायवेवर कॉफीचं दुकान टाकायचं आहे त्याला, आणि दुकान म्हणजे आपली व्हॅनच. टिनाच्या शेडखाली शिरून टायरांना लाथा मारल्या, मोबाइलवर फोटो काढले, मागचं झाकण उघडून म्हणाला, "इंजिन तं आमी काढूनच टाकू, काकू. तेथं सिंक बसते."

हे ओसरीत खुर्चीवर होते. एकदम डाव्या हातानं खुर्चीचा दांडा बडवायला लागले. "बरोबर! बरोबर! बरोबर!"

मुलगा खूश. "काका तं तयार हायेत न."

त्याला काय माहीत. झटका आल्यापासून यांच्याजवळ एवढा एकच शब्द उरला आहे. चहा हवा तरी बरोबर, नको तरी बरोबर. पाठ दुखते तरी तेच. मागच्या वर्षी दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा वाटलं होतं, एक आला, बाकीचे येतील मागून.

विचार करून कळवते म्हटलं.

४ नोव्हेंबर

प्राचीचा पुण्याहून फोन. "आई, विकून टाक. बाबा आता चालवणार आहेत का? गाडी गेली की घर भाड्यानं दे आणि या इकडे दोघं. मी एकटी किती चकरा मारू अमरावतीला?" खरं आहे तिचं. फोन स्पीकरवर होता, माझ्या लक्षातच आलं नाही. हे भिंतीकडे बघत होते.

दुपारी पाटी घेतली. एका बाजूला "विकू", दुसऱ्या बाजूला "नको". वाचा-उपचाराच्या मॅडमनी शिकवलं होतं तसं. यांनी दोन्हीवर बोट ठेवलं. पुन्हा विचारलं, पुन्हा दोन्हीवर. मग मी पाटी पालथी घातली.

सगळी नोकरी पहिलीच्या वर्गावर काढली मी. मेळघाटातली कोरकू बोलणारी पोरं यायची, मराठीचा एक शब्द येत नसे, आणि दिवाळीपर्यंत वर्ग डोक्यावर घ्यायची. अन् घरातला एक माणूस…

७ नोव्हेंबर

आज मीच मागचं झाकण उघडलं. शिळ्या पेट्रोलचा वास, पालीची अंडी, कोण्या पक्ष्यानं आणलेल्या काड्या.

प्राची व्हायच्या आधी घेतली ही गाडी. परतवाड्याच्या एका मिशन दवाखान्याची होती. जर्मन बनावटीची, इंजिन मागे, आणि त्यात पाणी नाहीच, हवेवर थंड होतं. हे चिखलदऱ्याला पर्यटक नेत यात. घाटात दुसऱ्यांच्या जीपा वाफ सोडत उभ्या असायच्या, हे हसत पुढे जायचे. "यात पानीच नाई तं उकयन काय?" प्रत्येक फेरीला तोच विनोद, प्रत्येक फेरीला प्रवासी नवे.

मी शाळेत, हे घाटात. रात्री जेवताना दिवसभराचं बोलायचे. मी वह्या तपासत हूं हूं करायची.

मनात आलं, विकायची तर विकू, पण एकदा सुरू करून बघू. इंजिनाचा आवाज कानावर पडला तर यांचं म्हणणं कदाचित कळेल…

९ नोव्हेंबर, रविवार

रशीदभाई अकोल्याहून आले. यांचे जुने दोस्त, मेकॅनिक. झटक्यानंतर दवाखान्यात एकदा आले होते, त्यानंतर आजच. येताना बॅटरी घेऊन आले.

यांच्याशी मोठ्यानं बोलले, बहिऱ्याशी बोलावं तसं. "काय मधूभाई! तब्येत ठीक?" हे म्हणाले, बरोबर. रशीदभाई लगेच गाडीखाली शिरले.

जुनं पेट्रोल काढलं, नवीन टाकलं. पुष्कळ खाकरून गाडी लागली. रेस दिली की चालते, पाय काढला की बंद. मधेच फाट् फाट्.

"स्लोवर राहत नाई, भाभी. दोन कार्बोरेटर हायेत हिले, एक डाव्या अंगाले, एक उजव्या. दोनीत कचरा. रबर कडक झाले. शाफ्ट झिजला, खेय हाये, तेथून हवा ओढते. माझं आइकता तं दोनी फेका. मधात एकच नवा लावून देतो, झंझटच नाई."

"चालन का तशी?"

"चालन. थोडी सुस्त चालन. घाटात पायजे तशी वढनार नाई."

मी यांच्याकडे बघितलं. यांनी मान फिरवली होती. झोप आली म्हणून की काय, देव जाणे.

म्हटलं, दोन्हीच राहू द्या. साफ करू.

"मले दुकान सोडून इतले दिवस जमत नाई, भाभी."

"खोलून ठेवून जा. मी करते."

रशीदभाई हसले नाहीत. बराच वेळ हात पुसत राहिले. "प्रत्येक गोष्टीचा फोटो काढजा मंग. खोलाच्या आधी."

१० नोव्हेंबर

जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरले. दोन डबे: एकावर "डा", एकावर "उ". मिसळू द्यायचं नाही, हे रशीदभाईंनी दहादा बजावलं आहे.

आधी "डा". पाच स्क्रू, झाकण निघालं. आत छोटी वाटी, तळाला तपकिरी चिकटा, गुळाच्या पाकासारखा. त्यात तरंगायचा फ्लोट. त्याच्या खाली सुई, पेट्रोल हवं तेवढंच आत येऊ द्यायची. पितळेचे जेट, टोकाला भोक. शिवणाची सुईसुद्धा जाणार नाही एवढं.

हात काळे. स्वयंपाकाला उशीर. खिचडी.

१२ नोव्हेंबर

हे आज आपणहून टेबलाशी येऊन बसले. काठी टेकवून, मला न सांगता. मी जेट ठेवला होता, तो डाव्या हातानं उचलला, उजेडाकडे धरून एक डोळा मिटला. मग तोंडाला लावून फुंकला. अर्धं तोंड वाकडं, हवा कडेनं निसटते. पुन्हा फुंकला. माझ्यापुढे केला.

भोक मोकळं नव्हतं. मी क्लीनर मारला, परत दिला. असं दुपारभर. कोणी काही बोललं नाही पण ते नेहमीसारखं नव्हतं.

१३ नोव्हेंबर

आज आले नाहीत टेबलाशी. बोलावलं तरी नाही.

१७ नोव्हेंबर

वाईट दिवस. "उ" खोलत होते. हे शेजारी. पंपाचं रबर काढताना मी स्क्रू उलटा फिरवत होते बहुतेक, यांनी माझा हात धरला. मी म्हटलं, थांबा हो, मले करू द्या. "बरोबर." मी करत राहिले. "बरोबर! बरोबर!" आणि डाव्या हातानं सगळा ट्रे उडवला.

जेट, स्प्रिंगा, वायसर, सगळं घरभर. बारीक लोखंडी गोळी होती एक, ती गेली. मी ओरडले. "बोला न मंग! काय पायजे ते बोला न एकदाचं! बरोबर बरोबर काय लावलं?"

खुर्चीत आक्रसून बसले. मी सोफ्याखाली पालथी पडून हात फिरवत राहिले. लोहचुंबक बांधलेली दोरी फिरवली. पितळेचं काही चिकटत नाही, एकेक हातानं वेचलं. गोळी शेवटी पायपुसण्यात सापडली.

उठले तर हे रडत होते. आवाज न करता. मी पण मग. वेगवेगळ्या खुर्च्यांवर.

२० नोव्हेंबर

वाचा-उपचाराच्या मॅडम आल्या नाहीत. पुढच्या महिन्यापासून येणारच नाहीत, नागपूरला नोकरी लागली. फोनवर म्हणाल्या, "काकू, बोलत राहा त्यांच्याशी. आवाजाकडे लक्ष द्या, शब्दाकडे नाही."

कोणाशी बोलत राहू? दिवसभर माझाच आवाज घरात. मीच विचारते, मीच उत्तर देते. परवा भाजीवालीला विनाकारण प्राचीच्या लग्नाची सगळी हकिकत सांगितली. ती बिचारी तराजू धरून उभी.

२३ नोव्हेंबर, रविवार

सराफ्यात जाऊन आले. दागिने साफ करायचं ते थरथरणारं मशीन असतं, त्यात कार्बोरेटर टाकता येतात असं रशीदभाई फोनवर बोलले होते. तिसऱ्या दुकानदारानं ऐकलं. "मावशी, दागिना कुठाय?" म्हणाला. पिशवीतून "डा" काढून काउंटरवर ठेवला. आधी घाबरला, मग हसायला लागला, मग दोन्ही आत नेले. दोन्ही असे चकाकले की त्यालाच ठेवून घ्यावेसे वाटले.

घरी आल्यावर यांना दाखवले. अंगठ्यानं चोळून बघितले. "बरोबर," हळूच.

हा कोणता होता?

२८ नोव्हेंबर

अकोला. शाफ्टची भोकं झिजली आहेत, त्यात बुश, म्हणजे बारीक नळ्या, बसवायचे, ते लेथवरच होतं. यांना शेजारच्या वनिताताईंकडे सोपवलं आणि सकाळची एसटी धरली. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत कार्बोरेटर.

मूर्तिजापूरपर्यंत शेजारी एक म्हातारी, लेकीकडे निघालेली. तिनं विचारलं, पिशवीत काय? बस, मी सुरू झाले. झटका, दवाखाना, गाडी, कौस्तुभ, पुणे. ती उतरली तरी माझं वाक्य अर्धंच होतं. ती गेल्यावर जाणवलं, तिनं तिच्या लेकीबद्दल काही सांगायला घेतलं होतं आणि मी ऐकलंच नव्हतं.

खरं लिहायचं तर बसमध्ये बरं वाटत होतं. खिडकी, वारा, कोणी आपल्याकडे बघत नाही. अकोला यायला नको होतं.

लेथवाल्याचं काम होईस्तोवर रशीदभाईंच्या घरी जेवण. त्यांच्या बायकोनं, शबानाभाभीनं, जबरदस्तीनं दोनदा वाढलं. हात धुताना रशीदभाई म्हणाले, "भाभी, मी येत नाई म्हनून तुमाले राग आला असन."

नाही म्हटलं.

"दर शुक्रवारी फोन करे तो मले. नमाज झाली की. काम काहीच नाई. कोनती गाडी पाह्यली, कोठं काय खाल्लं. आता बी शुक्रवारी फोन हातात घेतो मी. लावत नाई. लावून काय बोलू?"

शबानाभाभी आतून म्हणाली, "घरातबी बोलत नाईत आता. सगळं बोलनं तिकडंच खर्च होये."

आज शुक्रवारच होता. परतीच्या बसमध्ये लक्षात आलं.

३० नोव्हेंबर

वनिताताई म्हणाल्या, तुमी गेल्या तेव्हा भाऊ दिवसभर फाटकाकडे पाहून राहिले होते. मी म्हटलं, गाडी दिसते न तिथून.

५ डिसेंबर

मी सांगितलेलं, प्राचीनं परदेशातून मागवलेलं सामान आलं. नवीन रबरं, पॅकिंग, सुया. सोबत चिठ्ठी नाही. रात्री फोनवर: "आई, तू हे कशासाठी करते आहेस? विकायचीच आहे ना?" मी पाकिटातल्या सुया मोजल्या. ती म्हणाली, "मला सांगू नको, पण तुला तरी माहीत असू दे."

शहाणी आहे. बापावर गेली.

तशी मी सगळं सांगते तिला. हे एक सोडून, की पुण्याच्या त्या फ्लॅटमध्ये सकाळी ती आणि जावई कामावर गेले की काय, याची मला भीती वाटते. इथं निदान फाटक आहे.

९ डिसेंबर

"डा" जोडला. फोटो उलट्या क्रमानं बघत. एक वायसर उरलं. पुन्हा खोलला.

१० डिसेंबर

पुन्हा जोडला. काही उरलं नाही.

१४ डिसेंबर

"उ" पण झाला. हे टेबलाशी होते. स्क्रू आवळताना यांनी पेचकस हातात घेतला, डाव्या हातानं जमेना, परत माझ्याकडे दिला. स्वतःहून. बोट दाखवत गेले, हा, मग तिरपा समोरचा, मग हा. एकाच बाजूनं आवळायचं नसतं. मी तसंच केलं.

२१ डिसेंबर, रविवार

रशीदभाई आले. दोन्ही बसवले, पेट्रोलचे पाइप सगळे नवे. चावी मारली तर "उ"मधून पेट्रोल वाहायला लागलं, खाली इंजिनावर. रशीदभाई ओरडले, "बंद! बंद करा!" हवेवरचं इंजिन पेटतं ते असंच म्हणे.

सुई अडकली होती. माझ्या हातानं बसवलेली. काढून परत बसवली. रशीदभाईंनी पाण्याची बादली अन् वाळूचं घमेलं जवळ ओढून ठेवलं.

मग लागली. पाय काढला तरी चालू राहिली. थोडी डुचमळत, पण चालू.

आता दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतात का ते बघायचं. त्याला रबरी नळी असते, एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. आत सूं आवाज येतो. डावीकडचा अन् उजवीकडचा सारखा यायला हवा. रशीदभाईंनी ऐकलं, स्क्रू फिरवला, पुन्हा ऐकलं. मग एकदम वळले आणि नळी यांच्यापुढे धरली.

"आइक बाप्पा तूच. हे काम तुयंच होतं."

मी खुर्ची गाडीमागे आणली. हे वाकले. नळी कानाला. डोळे मिटले. रशीदभाईंनी डावीकडे धरली. मग उजवीकडे.

"बरोबर." पण वर चढलेला, तुटका. रशीदभाईंनी लगेच स्क्रू थोडा सैल केला. "बरोबर, बरोबर." अजून. "बरो…" हात वर. थांब असा. रशीदभाई थांबले.

इंजिन एकसारखं गुणगुणायला लागलं. यांनी नळी काढली, आणि मग जो म्हणाले तो बरोबर खरोखरचा होता. रशीदभाईंनी यांचं डोकं छातीशी धरलं. दोघं हसत होते. रशीदभाई मोठ्यानं बोलत नव्हते आता, भराभर, नेहमीच्या आवाजात, कुठल्याशा परतवाड्याच्या ड्रायव्हरची गोष्ट. मध्ये मध्ये हे, बरोबर. अगदी जागच्या जागी.

मी चहा ठेवायला आत गेले. गॅस पेटवला नाही बराच वेळ.

माझ्याशी वर्षभर नाही असं. रशीदभाईंशी बोलले. गाडीशी बोलले.

२२ डिसेंबर

काल लिहिलं ते वाचलं. खोडणार नव्हते. खोडत नाही.

२६ डिसेंबर

शुक्रवार. दुपारी फोन वाजला, रशीदभाई. "मधूभाईच्या कानाले लावा." लावला. बराच वेळ. यांनी पाच-सहा वेळा तोच शब्द म्हटला, पण दर वेळी वेगळा. मी संत्री सोलत होते, सोलायचं थांबले.

२ जानेवारी

गाडी रोज शेडमध्ये सुरू करते. हे समोर बसतात. पाटी पुन्हा आणली. "विकू", "नको". पाटी हातानं बाजूला सारली आणि डोळे मिटून इंजिन ऐकत बसले.

म्हणजे मी केलं काय? गाडी बोलती केली.

५ जानेवारी

कौस्तुभ पुन्हा. "काकू, दुसरी एक भेटून राहिली मले, पन तुमचीच आवडली. इंजिन चालू असो का बंद, मले फरक नाई पडत. बारा तारखेले टोचन करून नेतो."

प्राचीला फोन केला. म्हणाली, "तू ठरव आई. मी काही बोलणार नाही आता."

कौस्तुभला हो म्हटलं. संध्याकाळी यांच्यासमोर बसून नीट सांगितलं. गाडी बारा तारखेला जाणार. मग आपण पुण्याला. ऐकलं. माझ्या हातावर डावा हात ठेवला. शब्द नाही. तो एक होता तोही नाही.

८ जानेवारी

गाडी चालवली! लायसन्स आहे माझ्याजवळ, प्राची लहान असताना यांनीच काढायला लावलेलं, पण ही गाडी कधी माझ्या हाती आली नाही. रशीदभाई शेजारी. रिंग रोडनं दोन फेऱ्या. गियर पडता पडत नव्हता. हे मागच्या सीटवर. रशीदभाई म्हणाले, "जाऊन या एखांद्या दिवशी दोघं घाटात. जाईची हाय तं जाईची, पन एकदा नेऊन आना त्याले."

११ जानेवारी, रविवार

गाडीतच लिहिते आहे.

सकाळी निघालो. वनिताताईंनी डबा दिला. हे पुढच्या सीटवर, माझ्या डावीकडे, खिडकी उघडी. थंडी होती तरी बंद करू दिली नाही. परतवाड्यात चहा. चौकातल्या जुन्या जीपवाल्यांपैकी एकानं गाडी ओळखली, धावत आला, खिडकीतून यांचा हात धरला. "मधूभाऊ! जित्ते हा न!" हे हसले. तो मला म्हणाला, "वैनी, तुमी चालोता? बाप्पा!"

घाट सुरू झाला. दुसरा गियर. इंजिन मागे नीट ओढत होतं, कुठे चुकत नव्हतं. हे प्रत्येक वळणाआधी डाव्या हातानं हळूच खूण करत होते, आत, बाहेर, हॉर्न. मी तशी वळवत होते. आमचं लग्न झाल्यापासून आम्ही दोघांनी मिळून एवढं काही केलं असेल असं मला आठवत नाही.

मी बोलत होते. उद्याचं. कौस्तुभ सकाळी येईल, प्राची शनिवारी घ्यायला येईल, पुण्यात तुमच्यासाठी बाल्कनी आहे.

एका वळणाच्या पुढे, जिथं रस्ता जरा रुंद आहे:

"थांब."

मला वाटलं, मला भास झाला. मग पुन्हा, स्पष्ट, जुन्या आवाजात, जसा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणायचे.

"थांब."

ब्रेक दाबला. गाडी कडेला घेतली. माझे हात स्टीयरिंगवरून निघेनात. "काय म्हटलं तुमी? अवो, काय म्हटलं? कावून थांब?" यांनी दार उघडलं, आधी काठी, मग डावा पाय, मग हातानं उचलून उजवा. मी उतरू लागले तर तळहात दाखवला.

कठड्यापर्यंत गेले. तिथं उभे आहेत, पाठमोरे. खाली दरी, उन्हात धुरकट. एक एसटी गेली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, यांनी काठी वर केली.

गाडी थांबव म्हणाले. की उद्याचं थांबव. की मी बोलायची थांबावी. की नुसतं उभं राहायचं होतं इथं. तो शब्द मी मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघते आहे, त्यांच्या आवाजात, वेगवेगळ्या चढानं. सगळेच अर्थ बसतात.

आवाज द्यावासा वाटतो. देत नाही. अजून वळले नाहीत. इंजिन बंद करायचं का, तेही ठरत नाही.